बोटांच्या बेचक्यातली शिलाई

भोरला एसटी स्टँडकडून बाजाराकडे निघालं की थोड्या अंतरावर आमचं घर लागतं. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. ब्लाऊज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस, शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश, असं माझं काम. नवरा कापूरहोळला एका गॅरेजात मेकॅनिक आहे. सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी नखांत ग्रीस घेऊन येतो. मुलीचं लग्न होऊन ती साताऱ्याकडे गेली आणि त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला नवऱ्याची मोठी बहीण आमच्याकडे आली. आली ती राहिलीच. तिला आम्ही दोघंही आक्का म्हणायचो.

आक्काचं सासर गुंजवण्याच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी. भाताची खाचरं होती, ती धरणात गेली. नवरा त्याच्याही आधी छातीच्या दुखण्यानं गेला होता. पोटी काही नव्हतं. दिरांनी नव्या जागेवर घर बांधलं. त्यात आक्काची खोली कुठली हे कोणी बोललं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. पत्र्याची एक ट्रंक घेऊन ती एसटीतून उतरली. नवऱ्यानं ट्रंक उचलली आणि आमच्या पलंगाखाली सरकवली. त्यावर कसलीच चर्चा झाली नाही.

मला मात्र धास्ती होती. मोठी नणंद कायमची घरात, म्हणजे आता चहात साखर किती घालायची तेही विचारून घालावं लागणार, असं मनात यायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुढच्या खोलीत आली. हुक लावायचे राहिलेले ब्लाऊज टोपलीत पडले होते, ते तिनं मांडीवर घेतले आणि म्हणाली, "वयनी, बारीक सुई हाय का? ह्या सुईनं तर पोतं शिवत्यात."

मी तिला बारीक सुई दिली. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. गावाकडं जन्मभर तिनं वाकळा शिवल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्यावर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या, नांगराच्या तासासारख्या सरळ. तिचे पाय चिखलात राबून फुटले होते, पण बोटं लांब आणि सरळ होती. माझी बोटं आखूड, जाड. माझं सगळं कसब मशीनवर. हातशिलाईचा मला पहिल्यापासून कंटाळा. त्यामुळे आमचं जमलं. मशीनचं मी बघायचं आणि हाताचं तिनं. साखरेचा प्रश्न कधी आलाच नाही.

हातमोज्यांचं काम आलं ते एका शूटिंगमुळे. भोरला शूटिंग म्हणजे नवलाई राहिलेली नाही, पण त्या वेळी शूटिंगवाल्यांतल्या एकीचा झगा फाटला आणि तो शिवून घ्यायला पुण्याची एक बाई माझ्याकडे आली. एरवी नाटकांचा कपडेपट सांभाळायचं तिचं काम, शूटिंगला कधीमधी यायची. आम्ही तिला मॅडम म्हणायला लागलो. आक्कानं त्या झग्याचा घेर हातानं इतका बारीक दुमडून दिला, की मॅडमनं तो उलटा करून उजेडात धरून बघितला. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक हातमोजा घेऊन. एकच, डाव्या हाताचा. पिवळट पांढरा, मऊ कातड्याचा, कोपराच्याही वर जाईल इतका लांब. मनगटाच्या आतल्या बाजूला एक फट आणि तिला मोत्याएवढी तीन बटणं.

"असे साटीनमध्ये करून द्याल का?" तिनं विचारलं. "बाजारात मिळतात ते ताणाच्या कापडाचे. लाईट पडला की प्लास्टिकसारखे चमकतात."

मला हातमोजे म्हणजे स्कूटीवरच्या मुली उन्हासाठी घालतात तेवढेच माहीत. आक्कानं तो मोजा हातात घेतला आणि विचारलं, "थंडीसाटी का?"

"नाही हो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या श्रीमंत बायका संध्याकाळच्या मेजवानीला जाताना घालायच्या."

"मग जेवायच्या कशा?"

मॅडमनं मोजा स्वतःच्या हातात चढवला, ती तीन बटणं काढली आणि फटीतून पंजा बाहेर काढला. बोटांचा रिकामा भाग दुमडून मनगटाशी आत खोचला. "अशा जेवायच्या."

आक्का खूश झाली. "म्हंजी हात धुवायची सोय केलीया," ती म्हणाली.

नमुन्यासाठी हात हवा होता. नाटकातल्या नटीच्या हाताची मापं मॅडमनं आणली होती, ती आक्काच्या हाताशी जवळजवळ जुळत होती. आक्कानं वर्तमानपत्रावर पंजा टेकवला, मी पेन्सिल फिरवली. तिला गुदगुल्या होत होत्या, ती हात हलवत होती, आणि मी सारखी "गप बसा की" म्हणत होते.

पहिला मोजा बघून आम्ही दोघी हसत बसलो. मी कापड सरळ बेतलं होतं. त्याला ताण नाही, त्यामुळे बोट वाकेना, आणि बोटांची टोकं फुगून गाईच्या सडांसारखी लोंबत होती. मग मॅडमनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. ते लावून लावून आम्ही शिकलो. कापड उरेब बेतायचं, म्हणजे तिरकं, मग ते अंगासारखं ताणतं. बोटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूमध्ये एक अरुंद पट्टी जोडायची, म्हणजे बोटाला जाडी येते. आणि दोन बोटांच्या बेचक्यात, जिथं पट्ट्या भेटतात, तिथं डाळीएवढी चौकोनी कळी बसवायची. ती कळी नसली तर मूठ मिटताना कापड तिथंच फाटतं.

कोपरापासून मनगटापर्यंतची लांब टीप मी मशीनवर एका दमात मारायचे. पण बेचक्यात मशीनचा पाय वळेना. वळवायला गेलं की साटीनला चुण्या पडायच्या. दोन जोड वाया गेल्यावर आक्का म्हणाली, "आण हिकडं." तिनं एकेक बेचकं हातानं घातलं, उलट्या टिपेनं, अंगठ्याच्या नखानं कापड दाबत दाबत. तिची शिलाई वरून दिसायचीच नाही. बोटानं चाचपलं तर तांदळाच्या कणीसारखी लागायची.

पहिला नीट जोड तयार झाला तेव्हा मी तिलाच घालून बघायला लावला. सुती साडी, कपाळावर छोटं गोंदण आणि कोपराच्या वर पांढरं साटीन. ती खुर्चीवर दोन्ही हात हवेत धरून बसली, कुठं टेकवायचे ते कळेना म्हणून. नवरा कामावरून आला आणि दारातच थांबला.

"आता भांडी कोन घासनार?" त्यानं विचारलं.

"तूच घास," आक्का म्हणाली. "तुजे तर आदीच काळे हायेत."

त्यानंतर ते काम येतच राहिलं. एका नाटकाचं दुसऱ्या नाटकवाल्यांना कळलं. नदीकाठी लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांपैकी एखादीला तसे मोजे हवे असायचे. काळे, मोतिया, एकदा बाटलीच्या रंगाचे हिरवे. दुपारी जेवणं झाली की आक्का उंबऱ्याजवळ उजेडाला बसायची आणि मी मशीनवर. बोलणं फार नसायचं. मधेच ती गावाकडचं काही सांगायची. तिचं खाचर पाण्याखाली कुठं आहे ते धरण आटलं की दिसतं, बांधावरचा दगड ओळखू येतो, असं ती एकदा म्हणाली होती. ते बघायला जायचं आम्ही ठरवलं होतं. गेलो नाही.

मग एका उन्हाळ्यात तिच्या हातातून सुई पडायला लागली. पडली की ती मांडीवर चाचपायची, फरशीवर शोधायची, आणि मला म्हणायची, "घाम येतुया." मलाही ते पटलं. नंतर बेचक्यातले टाके लांब दिसायला लागले. आक्काचे टाके मी ओळखत होते, हे तिचे वाटत नव्हते. मी चष्म्याचा विषय काढला. तिनं चष्मा बदलून घेतला. फरक पडला नाही. एक दिवस तिनं अर्धा झालेला मोजा माझ्या मशीनवर आणून ठेवला.

"वयनी, सुई धरवंना."

"दुखतंय का?"

"दुकत न्हाई. दुकलं असतं तर कळलं असतं कायतरी."

तिनं उजवा हात माझ्यापुढं धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस आत गेलं होतं, तिथं खळगा पडला होता. दंडाची कातडी बारीक बारीक फुरफुरत होती, आतून काही चालल्यासारखी. तिला ते जाणवत नव्हतं. मला दिसत होतं.

गावातल्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली. पावसाळाभर ती घेतली. मग त्यानंच चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवलं. तिथं स्नायूंत सुया घालून तपासण्या केल्या. मोठ्या डॉक्टरनं तिला बोटं फाकवायला सांगितली, जीभ बाहेर काढायला सांगितली, आणि जिभेकडे बराच वेळ बघत राहिला. मग तिला बाहेर बाकावर बसवून आम्हा दोघांना आत घेतलं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा सुकत चालल्या आहेत, तो म्हणाला. हात, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं, शेवटी श्वास. एक गोळी आहे, पण तिनं फार फरक पडत नाही.

"डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," तो म्हणाला. हे त्यानं दिलासा म्हणून सांगितलं असावं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "हितं चहा कुठं मिळंल?" आणि आम्हाला तिथंच ठेवून निघून गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात चहा नव्हता.

परतीच्या एसटीत आक्का माझ्याशेजारी बसली. नवरा पुढच्या सीटवर, खिडकीकडं तोंड करून. नसरापूरच्या आसपास आक्कानं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"नस दबलीया," नवरा मागं न वळता म्हणाला. "वेळ लागंल."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी लसूण सोलत होते. आक्का समोर येऊन बसली. "त्यो लहानपनापासून खोटं बोलायला लागला की दुसरीकडं बघतो," ती म्हणाली. "तू सांग."

मी सांगितलं. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं त्याच क्रमानं. हातापर्यंत आले आणि थांबले, तर ती म्हणाली, "पुडं?" म्हणून पुढचंही सांगितलं. ती रडली नाही. लसणाच्या पाकळ्या एका हातानं गोळा करत राहिली. मग तिनं विचारलं, "डावा हात बी जानार?"

"व्हय. पर त्याला वेळ हाय म्हनत्यात."

"मग तवर डाव्यानं शिवते."

मला वाटलं बोलण्यापुरतं बोलतेय. पण दुपारी ती उंबऱ्याजवळ चिंधी घेऊन बसली. चिंधी उजव्या हाताखाली दाबून धरायची आणि डाव्या हातानं सुई. पहिले टाके पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखे, वर-खाली. तिला राग यायचा, उसवायची, पुन्हा घालायची. थंडी संपेपर्यंत तिचा डावा हात बसला. आधीच्या हाताची सफाई आली नाही, पण शिलाई घट्ट आली. त्या वर्षी मॅडमचं नवं नाटक होतं, त्याचा मोतिया रंगाचा जोड आक्कानं डाव्या हातानं केला. मी मॅडमला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "जसा होईल तसा द्या. मी तोच वापरणार."

त्या जोडानंतर डावाही हात ढिला पडत गेला. आता शिकायची पाळी माझी होती. आक्का शेजारी बसून बघायची.

"तू मशीनवानी शिवतीस," ती म्हणायची. "टाका घातला की जरा थांब. कापड काय म्हनतंय बग. मंग दुसरा घाल."

मला थांबणं जमत नव्हतं. माझं बेचकं फुगायचं, कळी एका बाजूला सरकायची. ती मानेनं नाही म्हणायची आणि मी उसवायचे. कधी कधी वाटायचं, हिला सांगावं, पुरे झालं, ताणाच्या कापडाचे विकत आणू दे त्यांना. पण त्या तासाभरात तिचा चेहरा पहिल्यासारखा असायचा. म्हणून मी शिवत राहिले आणि ती बघत राहिली. मग तिचे शब्द जड झाले, दारू प्यालेल्या माणसासारखे. तिला बाहेरच्या कोणासमोर बोलायची लाज वाटायला लागली. गिऱ्हाईक आलं की ती भिंतीकडं बघायची. पुढं शब्द गेलेच. हूं आणि डोळे, एवढंच राहिलं.

नवरा सकाळी तिला उचलून न्हाणीत नेऊन बसवायचा, मी अंघोळ घालायचे. परत पलंगावर आणतानाही तोच. ती दिवसेंदिवस हलकी होत होती. एकदा तो मला म्हणाला, "बॉनेट उचलायला ह्याच्यापरीस जास्त जोर लागतो," आणि डबा न घेताच बाहेर पडला.

तिनं डोळ्यांनी सांगितलं म्हणून आम्ही तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला. मशीन चालू असली की तिला बरं वाटायचं. थंडीत तिचे हात बर्फासारखे व्हायचे. रक्त खेळतच नव्हतं. वाया गेलेल्या मोज्यांतला एक काढून तिच्या हातात घालायला गेले. बोटं आत वळून आखडली होती. एकही बोट त्याच्या घरात जाईना. जोर करायची भीती वाटत होती. शेवटी मी मऊ फलालीनचं कापड घेतलं आणि चार बोटांना मिळून एक आणि अंगठ्याला वेगळी अशी खोळ दोन्ही हातांसाठी शिवली, लहान बाळाला घालतात तशी. मनगटाला फट ठेवली आणि सोपं जावं म्हणून बटणाऐवजी नाडी लावली.

त्या खोळी घातल्यावर आक्का हाताकडे बघत राहिली आणि तिला हसू फुटलं. त्या आजारात हसू आलं की थांबत नाही, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. ती हसत राहिली, मग त्याचं रडणं झालं, तेही थांबेना. तोंड वाकडं होऊन आवाज येत होता. मी तिचे दोन्ही हात धरून बसले. हे दुखण्यामुळे चाललंय की तिचं तिलाच रडू येतंय, मला कळत नव्हतं, आणि तिला विचारायची सोय नव्हती. बऱ्याच वेळानं ती शांत झाली. मी खोळी काढू लागले तर तिनं डोळ्यांनी नाही म्हटलं. त्या खोळी तिच्या हातात शेवटपर्यंत होत्या. मी धुऊन वाळवून परत घालायचे.

ती गेली ती दुपारी. जेवण म्हणून दिलेली पातळ पेज दोन चमचे गेली होती. मॅडमचा काळ्या मोज्यांचा जोड करायचा होता. मी कोपरापासून मनगटापर्यंतची टीप मारत होते. ती टीप मधे थांबवून चालत नाही, थांबली की तिथं गाठ दिसते. शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि तिला दाखवायला मोजा उचलून वळले. तिचे डोळे माझ्याकडेच होते. मी म्हणाले, "बगा, आली का सरळ?" आणि म्हणता म्हणता मला समजलं. मशीन बंद झाल्यावर खोलीत जो तिचा घरघरणारा श्वास ऐकू यायचा, तो येत नव्हता.

मी मोजा खाली ठेवला. तिचे डोळे मिटवले. मग नवऱ्याला फोन केला. "लवकर या," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "आलो," आणि त्यालाही काही विचारावं लागलं नाही.

बुद्धविहारातले लोक आले, पांढरी साडी आली. बायकांनी तिला अंघोळ घातली तेव्हा त्या खोळी काढायच्या की नाही म्हणून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी काढल्या. आखडलेली बोटं मी हलके हलके सरळ करायला गेले, तर ती सरळ झाली. इतके महिने झाली नव्हती.

नदीकाठी तिला नेलं. पुढं काही दिवसांनी विहारात वंदना आणि जलदानाचा कार्यक्रम झाला. तिच्या सासरकडून दोन जावा आल्या होत्या, तांदळाचं एक पोतं घेऊन. धाकटी जाऊ माझ्याजवळ बसून म्हणाली, "आमी बोलवायचं म्हनत व्हतो तिला. लई डाव म्हनलं." मी मान हलवली. त्या बाईच्याही डोळ्यातलं पाणी खरं होतं. एवढ्या वर्षांनी भांडून काय करायचं होतं.

मॅडम पुण्याहून आली. आक्काच्या पलंगावर बसायला ती अवघडली, मीच तिला बसवलं. तिनं कामाचा विषय काढला नाही. मीच म्हणाले की काळे मोजे पूर्ण करून देते. पट्ट्या आणि कळ्या राहिल्या होत्या. कितीतरी दिवस मी ते हातात घेऊ शकले नाही. घेतले तेव्हा एकेक टाका घालून थांबत गेले, कारण डोळे भरून यायचे आणि पुढचं दिसायचं नाही. मॅडम नंतर म्हणाली की माझं एवढं चांगलं काम तिनं आधी बघितलं नव्हतं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

काही महिन्यांनी तिनं नाटकाला बोलावलं. ज्या नाटकात आक्काचा मोतिया जोड वापरला होता, त्याचा रविवारी दुपारी पुण्यात प्रयोग होता. नवऱ्यानं जन्मात नाटक बघितलं नव्हतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. आम्हाला मधल्या रांगेत जागा होती. पहिल्या अंकाच्या शेवटी ती नटी पायऱ्या उतरून आली, हातात ते मोजे. खोलीत कोणी नसतं. ती एक मोजा बोटाबोटानं ओढून काढते आणि खुर्चीवर टाकते. तो खुर्चीवरून घसरून खाली पडला. तसा पडायचा होता की चुकून पडला, कोण जाणे. लोक नटीकडे बघत होते. नवरा वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "आक्काचा का?"

"व्हय."

"हितनं कायच दिसत न्हाई."

"न्हाई दिसत."

मध्यंतरात मॅडमनं आम्हाला आत नेलं. कपडे टांगलेल्या दांडीखाली टेबलावर तो जोड पडला होता. मी एक मोजा हातात घेऊन आतली बाजू बाहेर केली. घामानं बेचकी पिवळी पडली होती. आक्काच्या डाव्या हाताची शिलाई मात्र एका ठिकाणीही उसवली नव्हती. नवऱ्यानं त्याचं जाड बोट आत घालून ती चाचपली. त्याला शिवणातलं काही कळत नाही. तो बराच वेळ चाचपत होता. मॅडम म्हणाली, "हा जोड आता फार दिवस चालायचा नाही. नवा करावा लागेल. तुम्हाला जमेल तेव्हा." मी हो म्हटलं. जुना जोड मागावा असं मनात आलं होतं. पण दुसरा अंक बाकी होता आणि नटीला तो लागणार होता.

परतताना भोरची गाडी मिळाली नाही, म्हणून साताऱ्याकडच्या एसटीनं कापूरहोळला उतरलो. संध्याकाळ होत आली होती. फाट्यावर भोरकडे जाणाऱ्या जीपची वाट बघत आम्ही एका ढाब्याच्या बाहेर खाटेवर बसलो. पलीकडे त्याचं गॅरेज दिसत होतं, रविवार म्हणून शटर ओढलेलं. चहा आला. नवरा कप हातात धरून बसला.

"मला एकच शर्ट व्हता," तो म्हणाला. मला आधी कळेना तो कशाबद्दल बोलतोय.

"साळंत जायचा. रोज साळंतनं आलो की आक्का त्यो धुयाची. पावसाळ्यात वाळायचा न्हाई. मग ती चुलीपुडं उबी ऱ्हाऊन शर्ट दोन हातांनी धरून हलवायची. असा." त्यानं कप खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढं करून दाखवलं. "हात दुकायचं तिचं. मी म्हनायचो, ऱ्हाऊ दे आक्का, वलाच घालतो. ती म्हनायची, वल्या शर्टानं गेलास तर मास्तर मागं बसवील."

त्याचे हात अजून तसेच पुढं होते. मग त्यानं ते मांडीवर घेतले आणि मान खाली घातली. दवाखान्यात, नदीकाठी, विहारात, कुठंही तो रडला नव्हता. तिथं फाट्यावर, ट्रकांच्या आवाजात, तो रडला. ढाब्यावरच्या माणसानं एकदा बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

जीप आली ती भरलेलीच होती. जीपवाला म्हणाला, "मागं उबं ऱ्हावं लागंल." आम्ही मागच्या पायरीवर उभे राहिलो, एका हातानं वरचा दांडा धरून, आणि भोरला आलो.